सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक निश्चय केला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद होऊ लागले. ते साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत. कोरोनाकाळात शाळेसाठी मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना, हे त्यामागचे कारण. शिक्षक आणि आशा सेविका त्यासाठी घरोघरी फिरल्या.

या निर्णयाचे बळ सामुदायिकतेत आहे. एकट्या आईने मोबाईल काढून घेतला, तर मूल शेजारच्या घरी जाते. सारे गाव थांबले, तर हट्ट धरायचा कोणाकडे? शिवाय नियम थोरांनाही लागू होता. स्वतः मालिकेसमोर बसून मुलाला अभ्यासाचा उपदेश करण्याची सोय तेथे उरली नाही.

कोकणात दिवेलागणीला घरदार एकत्र बसण्याची रीत जुनीच आहे. मिठबावसारख्या गावात चाकरमान्यांची ख्यालीखुशाली मोबाईलवरच कळते. तो टाकून देणे शक्य नाही आणि इष्टही नाही. परंतु दीड तास तो बाजूला ठेवण्याचा निश्चय प्रत्येक वाडीने एकत्र बसून करावा. भोंगा नसला, तरी देवळातील घंटा आहेच!