चित्र सर्वांचे, माणूस कोणाचा?

अमेरिकेत मार्च महिना उजाडला, की महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय सामन्यांना रंग चढतो. आणि त्याबरोबर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर काही सेकंदांची एक जुनी चित्रफीत हटकून झळकते. ४ एप्रिल १९८३ ची ती रात्र. स्थळ न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की शहर. अंतिम सामना नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि ह्यूस्टन विद्यापीठ यांच्यात. दोन्ही बाजूंचे गुण ५२. डेरेक व्हिटेनबर्ग फार दूरवरून घाईने चेंडू फेकतो. तो टोपलीपर्यंत पोहोचतही नाही. तोच लोरेन्झो चार्ल्स हा त्याचा सहकारी उसळी घेऊन वरच्या वर चेंडू पकडतो आणि टोपलीत कोंबतो. वेळ संपते. त्या हंगामात दहा सामने हरलेल्या संघाने ओलाजुवान आणि ड्रेक्सलर यांच्या बलाढ्य ह्यूस्टनला ५४–५२ असे नमविलेले असते, आणि संघाचे मार्गदर्शक जिम व्हॅल्व्हानो मिठी मारावयास कोणी सापडते का म्हणून मैदानभर सैरावैरा धावत असतात.

हे चित्र आज अमेरिकेच्या क्रीडाविश्वाची सामाईक मालमत्ता होऊन बसले आहे. परंतु त्या चित्रातील माणसांचे काय?

ज्याच्या हातून तो अखेरचा चेंडू टोपलीत गेला, तो लोरेन्झो चार्ल्स २७ जून २०११ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, बस चालवीत असता अपघातात मृत्यू पावला. व्यावसायिक खेळाचे दिवस सरल्यावर त्याने बसचालकाचे काम पत्करले होते. त्यात उणेपणा काही नाही. कष्टाच्या भाकरीस आम्ही कधीच हीन मानणार नाही. पण तो अपघात घडला तो रॉली शहरात, म्हणजे ज्या विद्यापीठाला त्याने अजिंक्यपद मिळवून दिले, त्याच विद्यापीठाच्या गावात. त्याच्या एका उडीचे चित्र वर्षानुवर्षे दाखविले गेले, आणि तो गाडी हाकीत राहिला. ही विसंगती ज्याला बोचत नाही, त्याने क्रीडाप्रेमाच्या गोष्टी सांगू नयेत.

२०२४ च्या वसंतात याच विद्यापीठाचा संघ ४१ वर्षांनी प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला. साहजिकच १९८३ च्या त्या चित्रफितीला पुन्हा ऊत आला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, त्या जुन्या संघातील दहा खेळाडूंनी न्यायालयात दावा दाखल केला: आमची नावे, आमच्या प्रतिमा यांवर इतकी वर्षे जो पैसा मिळविला गेला, त्याचा वाटा आम्हांस द्या. दावा होता नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन ही खेळांचे नियमन करणारी संस्था आणि तिची परवाने विकणारी कंपनी यांच्यावर. स्वतःच्या मातृसंस्थेला या माणसांनी न्यायालयात खेचले नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो दावा फेटाळला. मुदत केव्हाच टळून गेली, हे त्यामागील एक प्रमुख कारण.

न्यायाधीशांशी आम्हांस भांडावयाचे नाही. कायद्याला मुदतीचे बंधन असावेच लागते. आमचा प्रश्न विद्यापीठाला आहे, आणि त्याच्यासारख्या प्रत्येक विद्यापीठाला आहे. ज्या चित्राची मागणी मुदतबाह्य ठरते, त्या चित्राचा उपयोग मात्र मुदतबाह्य कसा होत नाही? चाळीस वर्षांपूर्वीचा पराक्रम आजही तिकिटे खपवितो, देणगीदारांचे डोळे पाणावतो. मग त्या पराक्रमाचे ऋणच तेवढे जुने झाले म्हणून बुडीत का धरावे? गरज सरो आणि वैद्य मरो, हा व्यवहार बाजारात चालत असेल. विद्यामंदिरात तो शोभत नाही.

यावर एक ठराविक उत्तर मिळते: त्यांना शिष्यवृत्ती मिळाली, फुकट शिक्षण मिळाले, शिवाय कीर्ती मिळाली, ते हौशी खेळाडू होते. या ‘हौशी’ शब्दाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. ‘विद्यार्थी-क्रीडापटू’ ही गोंडस संज्ञा १९५० नंतरच्या दशकात वॉल्टर बायर्स या त्या असोसिएशनच्या प्रमुखाच्या कारकीर्दीत रूढ झाली. खेळताना जायबंदी झालेल्याला कामगार म्हणून भरपाई मागता येऊ नये, हा तिच्यामागील हेतू. पुढे १९९५ साली याच बायर्स यांनी पुस्तक लिहून त्या व्यवस्थेवर कठोर टीका केली. ज्याने कुंपण घातले त्यानेच ते अन्यायाचे म्हटल्यावर इतरांनी त्याची राखण करावी, हे नवलच म्हणावयाचे.

आणि हौशीपणाची ही सोवळी कोणासाठी होती, तेही पाहावे. १९८९ साली याच विद्यापीठाच्या संघावर असोसिएशनने निर्बंध घातले, आणि त्यानंतर व्हॅल्व्हानो यांना १९९० मध्ये पद सोडावे लागले. खेळाडूंचा अपराध कोणता? मिळालेले जोडे आणि मानाची तिकिटे त्यांनी विकली! मुलाने पायांतला जोडा विकला तर तो विटाळ. आणि त्याच खेळाच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क असोसिएशनने २०१० साली चौदा वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना विकले, तो मात्र शुद्ध व्यवहार.

हे सोवळे आता सुटले आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला १९९५ चे अजिंक्यपद मिळवून देणारा एड ओबॅनन याने एका व्हिडिओ खेळात आपलीच प्रतिकृती खेळताना पाहिली आणि २००९ साली न्यायालयाचे दार ठोठावले. २०१४ मध्ये त्याचा पक्ष न्यायाचा ठरला. १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने तर विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना वर्षाकाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटण्याची परवानगी दिली, आणि मागील भरपाई म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर ठरविले. परंतु ही भरपाई २०१६ पासून खेळलेल्यांनाच. त्याआधीचे सारे दाराबाहेर. विहीर ज्यांनी खणली ते तहानलेले, आणि पाणी लागल्यावर आलेल्यांच्या घागरी भरलेल्या! आजच्या मुलांना मिळते याचा आम्हांस आनंदच आहे. त्यांच्या ताटातले काढून घ्यावे, असे आम्ही म्हणत नाही.

मग करावे काय? हिशेब कसा मांडावा, हा प्रश्न अवघड आहे, हे आम्ही मान्य करतो. एका विजयात कोणाचा किती वाटा, हे तराजूने तोलता येत नाही. परंतु अडचण ही टाळाटाळीची सबब होऊ शकत नाही. जुन्या खेळाडूच्या प्रतिमेचा उपयोग करण्यापूर्वी त्याची संमती विचारणे अवघड नाही. त्या प्रतिमेतून येणाऱ्या उत्पन्नाचा एक ठरावीक भाग त्या संघातील हयात खेळाडूंसाठी आणि दिवंगतांच्या कुटुंबांसाठी बाजूला काढणे अवघड नाही. तारुण्यात विद्यापीठासाठी झिजविलेले गुडघे उतारवयात दुखू लागले, तर औषधपाण्याची चौकशी करणे तर मुळीच अवघड नाही. यासाठी न्यायालयाच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नाही. कृतज्ञतेला मुदतीचा कायदा लागू नाही.

आणि विद्यापीठाला तुटलेले नाते सांधता येत नाही, असेही नाही. ज्या व्हॅल्व्हानो यांना १९९० मध्ये जावे लागले, त्यांचे नाव त्याच विद्यापीठाने २०१८ साली आपल्या जुन्या रेनॉल्ड्स क्रीडागाराच्या रिंगणाला दिले. हे योग्यच झाले. पण व्हॅल्व्हानो १९९३ सालीच कर्करोगाने वारले होते. पंचवीस वर्षे उशिरा आलेला मान पाहावयास ते नव्हते. लोरेन्झो चार्ल्सही आता काही घ्यावयास येणार नाही. त्याच्या बरोबरीचे जे हयात आहेत, ते साठी ओलांडलेले आहेत. पुढल्या मार्चमध्ये ती चित्रफीत पुन्हा लागेल. ती लावण्यापूर्वी विद्यापीठाने त्यांच्या दारावर एकदा थाप मारावी, एवढेच आमचे मागणे आहे.