आरोग्य आणि आपण : मांडीतली गाठ

गेल्या आठवड्यात ओळखीच्या एक ताई भेटल्या. त्यांच्या सासऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, उपचार चालू आहेत. उभा जन्म विडी ओढलेला माणूस. आता त्यांच्या मांडीत सुपारीएवढी गाठ आली आहे आणि ती दुखते. घरचे म्हणतात, मार लागला असेल, तेल लावून चोळा. डॉक्टर म्हणतात, सुईने तुकडा काढून तपासू. शेजारी म्हणतात, सुई लागली की कॅन्सर पसरतो. "आम्ही ऐकायचं तरी कुणाचं?" ताईंनी विचारले.

आम्ही म्हणालो, डॉक्टरांचे. का, ते वाचक बंधुभगिनींनाही सांगतो.

फुप्फुसाचा कॅन्सर पसरतो तो बहुधा मेंदूत, हाडांत, यकृतात आणि मूत्रपिंडांवरील ग्रंथींत. स्नायूंत तो क्वचितच जातो. आपल्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग स्नायूंचा, त्यांना रक्तही भरपूर. तरी तिथे हा रोग सहसा रुजत नाही. स्नायूंची सततची हालचाल आणि त्यांत तयार होणारे लॅक्टिक आम्ल ही त्याची कारणे असावीत, असे मानतात.

पण क्वचित म्हणजे कधीच नाही, असे नव्हे. मांडी, कुल्ला, कंबर, पाठीचा कणा यांच्या स्नायूंत अशी गाठ येते. कधी तर छातीतला रोग कळण्याआधीच ती दिसते. मग फसगत होते. पू झालेला असो, टीबीचे गळू असो की स्नायूतच उपजलेला सारकोमा नावाचा कॅन्सर असो, बाहेरून सगळे सारखेच वाटते.

एमआरआयमध्ये गाठ किती खोल आहे ते कळते. पेट-सीटीत शिरेतून थोडी किरणोत्सर्गी साखर देतात. कॅन्सरच्या पेशी ती जास्त ओढतात, म्हणून सर्वांगात लपलेल्या गाठीही चमकून दिसतात. मात्र राबलेला स्नायूही साखर ओढतो. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवसापासून जड काम करू नये. मधुमेह असल्यास इन्सुलिन कधी घ्यायचे, ते आधी विचारावे.

सुजेची जागाही चमकते, तेव्हा अखेरचा निवाडा तुकड्याचाच. त्या पेशी फुप्फुसातून आल्या का, हे त्यावरून बहुधा ठरते. सारकोमा असेल तर मुख्य उपचार शस्त्रक्रिया. फुप्फुसातून आलेली गाठ असेल तर सर्व शरीराला पोचणारी औषधे, आणि वेदनेसाठी किरणोपचार. कोणते औषध लागू पडेल, हेही कधी त्याच तुकड्यावरून समजते. सुईने रोग पसरण्याची शक्यता फार थोडी. निदानाविना राहण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

असा प्रसार म्हणजे रोग पुढे गेला आहे, हे आम्ही ताईंपासून लपवले नाही. पण दुखणे कमी करता येते, हेही सांगितले.

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पण विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या किंवा कॅन्सरच्या रुग्णाच्या अंगावर नवी गाठ दिसली, तर ती चोळू नका, शेकू नका. जुने कागद घेऊन रुग्णालयात जा आणि गाठ दाखवा.