यंत्राच्या उत्तरावर सही कुणाची?



मुंबई पालिकेचं साधं परिपत्रक हातात घ्या. वर जावक क्रमांक आणि तारीख, खाली सही, हुद्दा आणि गोल शिक्का. डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो. उद्या काही बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं, हे त्या कागदावरूनच कळतं. आता मोबाइलवर सरकारी चॅटबॉट "ताप असल्यास असं करा" म्हणून सांगतो, त्याच्या खाली बघा. सही नाही, हुद्दा नाही. फार तर मुख्य मेनूकडे परत जायचं बटण.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी आम्हाला बैलगाडीच्या जमान्यातले ठरवायला नको. जानेवारी 2022 मध्ये पालिकेने व्हॉट्सॲपवर चॅटबॉट सुरू केला आणि ऐंशीहून जास्त सेवांची माहिती त्यावर आणली. चांगलंच झालं. वॉर्ड ऑफिसचा पत्ता, अर्जाला लागणारे कागद, बिल भरायची सोय, एवढ्यासाठी अर्धा दिवसाचा खाडा कुणी का करावा? तिथे चुकीचं उत्तर मिळालं तर एक खेप फुकट जाते. साथीच्या दिवसांत चुकीचं उत्तर मिळालं तर काय जातं, ते 2020 आणि 2021 ने आपल्याला दाखवलेलं आहे.

कोविड लांबचा वाटत असेल तर दर पावसाळ्यातलं बघू. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरलं आणि मागोमाग लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, साथ आली. या तापाचा जंतू उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाला जरा खरचटलेलं असलं की तिथून आत शिरतो. म्हणून पालिकेचं आरोग्य खातं दर वर्षी सांगतं की पुराच्या पाण्यातून चालला असाल तर 24 ते 72 तासांच्या आत डॉक्टरच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्या.

समजा हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यातून कमरेपर्यंत भिजून एक बाई रात्री घरी आली. तिने यंत्राला विचारलं, "पाण्यातून चालत आले, काय करू?" खरं उत्तर एका ओळीत नाहीच. पायाला जखम आहे का? किती वेळ पाण्यात होतीस? कालही होतीस का? पोटुशी आहेस का? कारण या कामाची नेहमीची गोळी, डॉक्सिसायक्लिन, गरोदर बाईला आणि लहान मुलाला देताना डॉक्टर वेगळा विचार करतात. दवाखान्यातली सिस्टर हे चार प्रश्न पदर खोचता खोचता विचारते. यंत्र "जवळच्या दवाखान्याशी संपर्क साधा" म्हणून मोकळं झालं, किंवा त्याहून वाईट, गोळीचं नाव सांगून मोकळं झालं, तर 72 तासांचं घड्याळ त्या बाईच्या अंगावर चालू राहतं, यंत्राच्या नाही.

भाषेचं तर बोलायलाच नको. आजारी माणूस "मला ज्वर आहे" असं म्हणत नाही. तो म्हणतो कणकण आहे, कसकस वाटतंय, अंग मोडून आलंय, छातीत भरल्यासारखं होतंय, दम लागतोय. ही आपल्या आजारपणाची भाषा, आणि यातला "दम लागतोय" हा शब्द घरच्यांना धावायला लावणारा आहे. त्यातून मोबाइलवर बरीच मंडळी मराठी रोमन लिपीत लिहितात. "ताप" तसा "tap" लिहिला की इंग्रजीत विचार करणाऱ्या यंत्राला तो पाण्याचा नळ वाटायचा, आणि आपली तक्रार जलखात्याकडे वर्ग व्हायची! हसू येतं, पण शब्दाला शब्द जुळवणारी यंत्रं अशीच फसतात. ऑक्टोबर 2021 मध्ये सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर "आस्क जेमी" नावाचा चॅटबॉट होता. मुलगी कोविड पॉझिटिव्ह आली आहे, काय करू, अशा अर्थाचा प्रश्न लोकांनी त्याला विचारला. उत्तर आलं सुरक्षित लैंगिक संबंधांबद्दल. मंत्रालयाने तो तिथून काढून टाकला. सिंगापूर म्हणजे ज्याचं नाव घेऊन आपल्याला उठता-बसता स्वप्नं दाखवली जातात, तेच शहर.

"आता नवी यंत्रं आली आहेत, ती माणसासारखी बोलतात," असं कुणी सांगेल. बोलतात खरी. न्यूयॉर्क शहराने 2023 मध्ये असं बोलणारं यंत्र छोट्या व्यावसायिकांसाठी आणलं. मार्च 2024 मध्ये पत्रकारांनी तपासलं, तेव्हा ते मालकांना सांगत होतं की नोकरांच्या टिपमधला वाटा घेतला तरी चालतो. कायद्याच्या साफ विरुद्ध, पण बोलणं कसं, एकदम ठाम. महापौरांनी तेव्हा ते बंद केलं नाही, सुधारू म्हणाले. जुनं यंत्र निदान "समजलं नाही" म्हणायचं. नवं मात्र न समजलेलंही पुष्कळदा ठामपणे सांगतं, आणि तापाने फणफणलेल्या माणसाला ठामपणाच हवा असतो.

मग चुकलं तर जबाबदार कोण? कॅनडातल्या एका विमान कंपनीने चॅटबॉटची जबाबदारी झटकताना असंही मांडलं की चॅटबॉट ही वेगळी व्यक्ती आहे, तिच्या शब्दाला आम्ही बांधील नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या लवादाने ते धुडकावलं आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. तिथे प्रश्न तिकिटाच्या पैशांचा होता.

कोविडमध्ये मुंबईत काम कशाने झालं, हे विसरायला आपल्याला फार वेळ लागला नाही. आधी रिपोर्ट थेट रुग्णाच्या हातात पडायचा आणि घरातले खाटेसाठी गावभर फोन करत सुटायचे. जून 2020 पासून तेव्हाच्या 24 वॉर्डांत वॉर रूम सुरू झाल्या. प्रयोगशाळेचा रिपोर्ट आधी पालिकेकडे, तिथून वॉर्डाकडे, आणि मग वॉर्डातून रुग्णाला फोन. एप्रिल 2021 च्या लाटेत हे फोन लागत नव्हते, लागले तर तासन्‌तास कुणी उचलत नव्हतं, हे आम्ही भोगलेलं आहे, झाकणार नाही. पण उचलला गेला की पलीकडे माणूस असायचा. ऑक्सिजन किती आहे, घरात वेगळी खोली आहे का, संडास सार्वजनिक आहे का, असं तो विचारायचा, आणि त्याच्या हातात खाट देण्याचा अधिकार होता. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. माहिती सगळेच देतात. वॉर रूममधला माणूस निर्णय द्यायचा.

आता जरा मागे जाऊ. 23 सप्टेंबर 1896 ला मांडवीतल्या तापाच्या रुग्णांबद्दल एका डॉक्टरने पालिकेच्या स्थायी समितीत उभं राहून सांगितलं की हा प्लेग आहे. डॉक्टरचं नाव अकासिओ व्हिएगस, मूळचा गोव्याचा, आणि स्वतः पालिकेचा सभासद. त्याच्यावर शंका घेतल्या गेल्या. तपासण्या झाल्या, निदान खरं निघालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने प्लेगचे रुग्ण ठेवलेल्या आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस जिवंत परत येत नाही अशी अफवा होती. एका बाजूला नाव-गाव असलेली, सभागृहात उलटतपासणी घेता येईल अशी बातमी, दुसऱ्या बाजूला धनी नसलेली. व्हिएगसचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर आहे, जाता-येता बघा.

आणि आपल्या वेळी काय झालं? 7 मार्च 2022 ला पालिकेतल्या 227 नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार चालला. गल्लीतल्या माणसाने ज्याला रस्त्यात अडवून विचारावं असा माणूस गेला, आणि हातात उरला चॅटबॉट. योगायोग असेल. आम्हाला तो आवडलेला नाही.

घरोघरी फिरून ताप मोजणाऱ्या आरोग्य सेविकांना आजही पगार नाही, मानधन मिळतं. कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणाची लेक माहेरी आली आहे, कोण औषध उशाखाली लपवतो, हे त्या सेविकेला ठाऊक असतं. यंत्राचं कंत्राट काढताना तिचा हिशेब कुणी मांडत नाही. यंत्र आणा, पण तिच्या मदतीला. तिच्या जागी नको.

म्हणून आमचं मागणं असं. आरोग्याविषयी यंत्र जे उत्तर देईल त्याच्या खाली, ते कुणी आणि कुठल्या तारखेला तपासलं हे, आणि त्या अधिकाऱ्याचा हुद्दा, असलाच पाहिजे. कुणीही "माणूस" एवढा एकच शब्द लिहिला किंवा बोलला की वॉर्डातल्या जित्याजागत्या माणसाकडे फोन जोडला गेला पाहिजे, आणि "दम लागतोय" म्हटलं तर न मागताही. मराठी आधी, तीही आपण बोलतो ती. मग हिंदी, उर्दू, गुजराती. पालिकांच्या कारभारात मराठी बंधनकारक करणारा कायदा विधिमंडळाने 2022 मध्येच केला आहे, तो यंत्रालाही लागू करा. यंत्र चुकलं की चूक आणि दुरुस्ती दोन्ही जाहीर करा, वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावा. आणि आमच्या आजाराच्या गप्पा कुठल्या कंपनीच्या खात्यात साठतात, ते आम्हाला सांगा. व्हॉट्सॲप पालिकेच्या मालकीचं नाही.

हे पत्रक वाचून घडी करून ठेवू नका. सोसायटीच्या फलकावर लावा, चाळीच्या जिन्यात चिकटवा, रिक्षावाल्याला द्या. पावसाळ्याआधी आपल्या वॉर्ड ऑफिसात चार-पाच जण मिळून जा, आरोग्य अधिकाऱ्याला भेटा आणि एवढंच विचारा: साहेब, या उत्तरावर सही कुणाची? काय सांगतात ते लिहून घ्या, आणि खाली त्यांची सही घ्या.

आपले,
काही मुंबईकर