रक्ताचा इशारा ऐकणार कोण?

महानगरांतील खासगी प्रयोगशाळा ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची जी पॅकेजे विकतात, त्यांतील अनेकांत कर्करोगाच्या निर्देशकांचा एक गट असतो आणि त्यात ‘सीईए’ ही चाचणी बहुधा आढळते. चाळिशीतला धडधाकट माणूस मनाच्या समाधानासाठी ती करून घेतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन गावी परतलेल्या रुग्णाची हीच चाचणी दर काही महिन्यांनी होईल, अशी खात्रीशीर व्यवस्था मात्र आपण उभारलेली नाही. ज्याला तिचा उपयोग नाही त्याला ती विकली जाते; ज्याला आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही. नव्या तंत्रज्ञानाच्या अभावापेक्षा ही विसंगती मला अधिक चिंताजनक वाटते.

सीईए म्हणजे कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन. मॉन्ट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठातील फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये हे प्रथिन शोधले, तेव्हा रक्ताच्या नमुन्यावरून कर्करोग आधीच ओळखता येईल अशी आशा निर्माण झाली होती. ती फलद्रूप झाली नाही. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात अनेकांची पातळी सामान्यच असते. उलट धूम्रपान, यकृताचे विकार किंवा आतड्याची सूज यांमुळेही ती वाढते. म्हणूनच निरोगी व्यक्तींत कर्करोग शोधण्यासाठी या चाचणीची शिफारस केली जात नाही.

तिचे खरे काम निदानानंतर सुरू होते. शस्त्रक्रियेपूर्वी पातळी बरीच वाढलेली असेल तर पुढचा धोका अधिक समजला जातो. गाठ पूर्णपणे काढली गेली असेल तर साधारण चार ते सहा आठवड्यांत ती खाली यायला हवी. न आल्यास आजार शरीरात कुठेतरी शिल्लक असल्याची शंका येते. आणि खाली येऊन पुन्हा चढू लागल्यास तो परतत असल्याचा इशारा मिळतो, पुष्कळदा लक्षणे दिसण्याआधीच. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांसाठी पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत ही चाचणी करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. यकृतात परतलेली एखादी गाठ वेळेवर सापडली, तर ती काढून काही रुग्ण पूर्ण बरे होऊ शकतात.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. ब्रिटनमध्ये सुमारे १,२०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फॅक्स’ या चाचणीत सीईए किंवा सीटी स्कॅनद्वारे नियमित पाठपुरावा केलेल्या गटांत, बरे करण्याच्या हेतूने पुन्हा शस्त्रक्रिया करता आलेल्या रुग्णांचे प्रमाण लक्षणीय वाढले. एकूण मृत्यूंत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. अहवालावरचा आकडा कुणाला वाचवत नाही. त्या आकड्यानंतर वेळेवर झालेले स्कॅन आणि शस्त्रक्रिया वाचवू शकतात. आपल्या धोरणाची कसोटी याच दुव्यावर लागते.

भारतात या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी असले, तरी लोकसंख्येमुळे दरवर्षी साठ हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या आढाव्यात त्यांचे सरासरी वय अवघे ४७ होते. म्हणजे घर चालवण्याच्या वयातली माणसे. ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली आलेल्या ‘कॉनकॉर्ड-३’ या जागतिक अभ्यासात मोठ्या आतड्याच्या कर्करोगानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण कोरियात ७० टक्क्यांहून अधिक होते. भारतात ते ४० टक्क्यांच्या आत होते. उशिरा होणारे निदान हे याचे मोठे कारण आहे. शौचातून रक्त पडले की मूळव्याध समजून महिनोन्‌महिने घरगुती किंवा तात्पुरते उपचार चालतात. राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची तपासणी आहे, आतड्याच्या नाही. कमी प्रमाणाच्या आजारासाठी सरसकट तपासणी मोहीम परवडेल का, यावर वाद होऊ शकतो. ज्याचे निदान आणि शस्त्रक्रिया दोन्ही झाली आहेत, त्या रुग्णाला मध्येच सोडून देण्याचे समर्थन मात्र करता येणार नाही.

व्यवहारात नेमके तेच घडते. आयुष्मान भारत योजनेने २०१८ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण दिले, ही मोठी गोष्ट आहे. पण योजनेची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. घरी सोडल्यानंतरच्या खर्चाला साधारण १५ दिवसांपर्यंत आधार मिळतो. आजार परतण्याची शक्यता सर्वाधिक असते ती पहिल्या तीन वर्षांत. त्या काळातला प्रवास, चाचण्या आणि बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावर पडतो. शिवाय रुग्ण प्रत्येक वेळी वेगळ्या प्रयोगशाळेत जातो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या संचांनी मोजलेले सीईएचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. त्यामुळे वाढ खरी की यंत्र बदलल्यामुळे, हे डॉक्टरांनाही सांगणे कठीण जाते.

सीईएहून साध्या निर्देशकांचीही हीच कथा आहे. रक्तातील अल्ब्युमिन, सूज दाखवणारे सीआरपी आणि पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर यांवरूनही रुग्णाच्या भवितव्याचा काही अंदाज बांधता येतो. अल्ब्युमिन आणि सीआरपी यांवर आधारलेला ग्लासगो निर्देशांक जगभर अभ्यासला गेला आहे. पण जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण आणि मोठ्या प्रमाणावर कुपोषण असलेल्या देशात हे आकडे कर्करोगाशिवायही बिघडतात. स्कॉटलंडमधील रुग्णांवर ठरलेल्या मर्यादा येथे जशाच्या तशा लावण्याआधी आपल्या रुग्णांवर त्या पडताळायला हव्यात.

आता चर्चा आहे ती रक्तात तरंगणाऱ्या कर्करोगाच्या डीएनएची. ऑस्ट्रेलियातील ‘डायनॅमिक’ चाचणीत दुसऱ्या टप्प्यातील ४५५ रुग्णांपैकी ज्यांचे उपचार या डीएनएच्या आधारे ठरवले, त्यांच्यात केमोथेरपी घेणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले आणि आजार परतण्याचे प्रमाण वाढले नाही. अनावश्यक केमोथेरपी टळणे हे मुंबईत महिनोन्‌महिने आसरा शोधणाऱ्या बाहेरगावच्या कुटुंबासाठी वरदानच ठरेल. मात्र त्याच मालिकेतील तिसऱ्या टप्प्याच्या रुग्णांवरील चाचणीत, डीएनए सापडलेल्यांना अधिक तीव्र केमोथेरपी देऊनही लाभ दिसला नाही, असे २०२५ मध्ये समोर आले. धोका कळणे आणि तो टाळता येणे यांत अजून अंतर आहे. या महागड्या चाचण्या नाकाराव्यात असे मी म्हणत नाही. ज्या व्यवस्थेला साध्या सीईएचा पाठपुरावा जमत नाही, तिच्या हाती त्या केवळ सधनांच्या वस्तू ठरतील, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून चार गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, आयुष्मान भारतमध्ये शस्त्रक्रियेसोबतच पाच वर्षांच्या पाठपुराव्याचे वेगळे पॅकेज जोडावे. दुसरी, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांसाठी घोषित झालेल्या डे-केअर कर्करोग केंद्रांवर केमोथेरपीबरोबरच पाठपुराव्याची नोंदवही आणि एकाच संचावर होणाऱ्या चाचणीची जबाबदारी सोपवावी. तारीख चुकलेल्या रुग्णाला फोन करणारी व्यक्तीही तेथेच नेमावी. तिसरी, राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने औषधांच्या एकत्रित खरेदीत जी सौदाशक्ती दाखवली, ती निदान संचांसाठीही वापरावी आणि सदस्य रुग्णालयांतील आकड्यांवरून भारतीय मर्यादा ठरवाव्यात. चौथी, निरोगी ग्राहकांना ‘कर्करोग तपासणी’ म्हणून सीईए विकणाऱ्या जाहिरातींना आळा घालावा.

यांतील एकाही गोष्टीसाठी नवा शोध लागण्याची वाट पाहावी लागणार नाही. साठ वर्षांपूर्वी लागलेला शोध जिल्ह्याच्या गावापर्यंत नीट पोहोचवणे, एवढेच काम शिल्लक आहे, आणि ते प्रयोगशाळेचे नसून सरकारचे आहे.