डोंगरापलीकडचा कीं डोंगराखालचा?

देशोदेशींच्या प्रांतांची ओळख करून देण्याच्या या सदरांत आज आम्ही वाचकांस युरोपच्या नकाशांतील एका आडकोपऱ्यांत नेणार आहोंत. युक्रेनच्या अगदीं पश्चिमेस, कार्पेथियन पर्वताच्या उतरणीवर, झाकार्पात्या नांवाचा प्रांत आहे. पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी व रुमानिया अशा चार परराज्यांच्या सीमा त्याच्या अंगास भिडल्या आहेत. क्षेत्रफळ सुमारें १२,८०० चौरस किलोमीटर. म्हणजे आपले रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढा मुलूख होईल त्याहून थोडा लहानच. २००१ सालच्या खानेसुमारींत येथील लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास भरली होती.

या प्रांताचें मुख्य शहर उझ्होरोद. आपल्याकडील कित्येक घरांना हें नांव २०२२ च्या फेब्रुवारींत अकस्मात् ओळखीचें झालें. तेथील विद्यापीठांत वैद्यकीचें शिक्षण घेणारीं भारतीय मुलें चोप येथील नाक्यावरून हंगेरींत गेलीं आणि बुडापेस्टहून विमानानें स्वदेशीं परतलीं. त्या दिवसांत पुष्कळ वडीलधाऱ्यांनीं नकाशे उघडले असतील. पण जीव टांगणीला लागला असतां प्रांताचा पूर्वेतिहास पाहण्यास सवड कोणास असणार?

नांवापासूनच आरंभ करूं. झाकार्पात्या म्हणजे कार्पेथियनच्या पलीकडचा. पलीकडचा खरा, पण कोणाच्या? अर्थात् कीव्हमध्यें बसून पाहणाराच्या. हंगेरियन लोक याच प्रदेशाला ‘कार्पेथियनचा पायथा’ म्हणतात, व चेक लोकांचें राज्य होतें तेव्हां त्यांनींहि पायथ्याचेंच नांव ठेवलें होतें. मुलूख एकच, कोणास तो डोंगरापलीकडे दिसतो, कोणास डोंगराखालीं. ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ हे शब्द ज्यांच्या नित्य बोलण्यांत आहेत, त्या आमच्या वाचकांस यांतलें मर्म फोड करून सांगावयास नको.

सृष्टीचा कौल मात्र पायथ्याच्या बाजूनें आहे. प्रांताचा सुमारें चार-पंचमांश भाग डोंगराळ. पूर्वेच्या कडेस युक्रेनचें सर्वांत उंच शिखर होवेर्ला (२,०६१ मीटर) उभें आहे. आणि बीच वृक्षांचीं येथील आदिम अरण्यें २००७ सालीं जागतिक वारशांत गणलीं गेलीं. राखिव गांवाजवळ काळी व पांढरी अशा दोन प्रवाहांच्या संगमांतून तिसा नदी निर्माण होते. प्रांतांतील झाडून सारें पाणी या ना त्या वाटेनें अखेर तिसेला व तिच्यामार्फत डॅन्यूबला मिळतें. सोलोत्विनोच्या खाणींतलें मीठ पूर्वीं तिसेवरूनच तराफ्यांनीं हंगेरीच्या मैदानांत जात असे. पाण्याची वाट, मिठाची वाट, बाजाराची वाट सगळी खालीं पश्चिमेकडे. आणि आज राज्याचा हुकूम येतो तो पूर्वेकडून, खिंडी व बोगदे ओलांडून. या प्रांताचें सारें राजकारण या एका विसंगतींत सांठविलें आहे, असें आम्हांस वाटतें.

तिकडे एक विनोद सांगतात. एक म्हातारा म्हणाला, “मी ऑस्ट्रिया-हंगेरींत जन्मलों, चेकोस्लोव्हाकियांत शाळेंत गेलों, हंगेरींत लग्न केलें, सोव्हिएत संघांत नोकरी केली, आणि आतां युक्रेनांत पेन्शन खातों.” ऐकणारानें विचारलें, “मग तुम्ही बराच प्रवास केलात?” म्हातारा उत्तरला, “छे! मी मुकाचेवो सोडून कधीं कोठें गेलोंच नाहीं.”

विनोदांतील प्रत्येक पायरीला इतिहासांत तारीख आहे. कित्येक शतकें हंगेरीच्या राजमुकुटाखालीं असलेला हा मुलूख पहिल्या महायुद्धानंतर पोरका झाला. आश्चर्य असें, कीं त्याच्या भवितव्याचा पहिला कौल घेतला गेला तो दूर अमेरिकेंत! पोट भरण्यासाठीं पेनसिल्व्हानियाच्या खाणी-कारखान्यांत गेलेल्या येथील रुसिन लोकांनीं १९१८ सालीं आपल्या मंडळांतून मतें घेऊन चेकोस्लोव्हाकियाच्या पारड्यांत वजन टाकलें. १९१९ च्या सें-जर्में येथील तहांत या प्रदेशास विस्तृत स्वायत्तता देण्याचें वचन नमूद झालें. पिट्सबर्गचे वकील ग्रेगरी झाटकोविच पहिले गव्हर्नर झाले; पण वचन कागदावरच राहिलेलें पाहून १९२१ सालीं त्यांनीं राजीनामा दिला व ते अमेरिकेस परतले.

चेक राजवट वाईट होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. तिनें शाळा काढल्या, रस्ते केले, आणि उझ्होरोदला नदीकांठीं सरकारी कचेऱ्यांची एक नवी वसाहतच उभारली. तिच्या रस्त्यांवर लाविलेलीं साकुराचीं झाडें अजून दर वसंतांत गुलाबी फुलांनीं बहरतात. १९३० नंतर तेथें बांधलेल्या मुख्य कचेरीच्या भव्य इमारतींत आजहि प्रांताचा कारभार चालतो. राज्यें बदललीं, टेबलें-खुर्च्या फार तर इकडच्या तिकडे झाल्या असतील.

स्वायत्तता अखेर मिळाली ती १९३८ च्या ऑक्टोबरांत, राज्यच कोसळूं लागलें तेव्हां. नोव्हेंबरांत व्हिएन्नाच्या निवाड्यानें उझ्होरोद, मुकाचेवो व बेरेहोवे हीं मैदानांतलीं शहरें हंगेरीला दिलीं आणि राजधानी खुस्त या लहानशा गांवीं हलवावी लागली. तेथेंच १५ मार्च १९३९ रोजीं विधिमंडळानें कार्पेथो-युक्रेन या स्वतंत्र राज्याच्या घोषणेवर शिक्कामोर्तब केलें व आवगुस्तिन वोलोशिन यांस अध्यक्ष निवडलें. हे गृहस्थ धर्मोपदेशक, हाडाचे शिक्षक आणि व्याकरणकार. हंगेरीचें सैन्य त्याच वेळीं आंत शिरत होतें. अवघ्या कांहीं दिवसांत सर्व मुलूख त्याच्या हातीं गेला. वोलोशिन प्राग येथें राहूं लागले. १९४५ च्या मे महिन्यांत सोव्हिएत पोलिसांनीं त्यांस तेथून उचललें, आणि जुलैंत मॉस्कोच्या तुरुंगांत त्या वृद्ध शिक्षकाचा अंत झाला.

त्याआधींच्या वर्षीं याहूनहि घोर प्रकार घडला होता. प्रांतांत सुमारें एक लाख ज्यू होते. मुकाचेवोंत तर जवळजवळ निम्मी वस्ती त्यांची. १९४४ च्या मे-जूनमध्यें थोड्याच आठवड्यांत त्यांतील बहुतेक सर्वांना आगगाडीनें ऑश्विट्झला धाडण्यांत आलें. आजच्या मुकाचेवोचें वर्णन वाचतांना हें नगर आपल्या अर्ध्या माणसांवांचून उभें आहे, हें विसरूं नये.

जून १९४५ च्या करारानें प्रांत सोव्हिएत संघाकडे गेला व जानेवारी १९४६ मध्यें युक्रेनचा एक ‘ओब्लास्त’ बनला. पुढें १ डिसेंबर १९९१ रोजीं युक्रेनच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झालें, तेव्हां येथें आणखी एक प्रश्न विचारला होता: प्रांतास विशेष स्वशासन असावें काय? सुमारें ७८ टक्के मतदारांनीं होकार दिला. तें स्वशासनहि आलें नाहीं. एकाच प्रांताशीं दोनदां वचनभंग झाला असें कोणी म्हटल्यास तें खोडून काढणें अवघड आहे. परंतु कीव्हच्या भीतीसहि आधार आहे. भाषेचें निमित्त करून सीमेवरचे प्रांत कसे तोडले जातात, हें त्या देशानें २०१४ पासून स्वतः सोसलेलें आहे.

मग मार्ग काढला तो असा. प्रांताचा मुख्याधिकारी पूर्वीप्रमाणेंच राष्ट्राध्यक्ष नेमतात. प्रांतिक सभा लोकनियुक्त असते, पण कार्यकारी सत्ता तिच्या हातीं नसते. खरी सत्ता खालीं गांवांना देण्याचें धोरण २०१४ नंतर स्वीकारलें गेलें. २०२० सालीं येथील १३ ‘रायोन’ म्हणजे तालुके मोडून ६ केले, व गांवें एकत्र करून ६४ ‘ह्रोमादा’ निर्माण केल्या. ह्रोमादेचा प्रमुख लोक निवडतात, आणि स्थानिक आयकराचा ६० टक्के वाटा तिच्याच तिजोरींत ठेवण्याची या सुधारणेंत तरतूद झाली. शाळा, दवाखाना, रस्ता यांचा कारभार तिच्याकडे. प्रांताला नाकारलेलें गांवाला दिलें. युक्ति चतुर, आणि आमच्या मतें पुष्कळशी यशस्वीहि.

भाषेचा प्रश्न मात्र तेवढ्यानें मिटला नाहीं. २००१ सालीं लोकसंख्येंत शेंकडा १२ हंगेरियन होते व बेरेहोवेच्या बाजूस त्यांचेंच बाहुल्य होतें. त्या भागांत घड्याळेंसुद्धां दोन: कचेरींत कीव्हची वेळ, घरीं एक तास मागची ‘आपली’ वेळ. (मुंबईकरांनीं स्टँडर्ड टाइम आल्यावरहि १९५५ पर्यंत ३९ मिनिटें मागचा ‘बाँबे टाइम’ जपला होता, तेव्हां हंसण्याचें कारण नाहीं.) २०१७ च्या शिक्षण-कायद्यानें वरच्या इयत्तांत युक्रेनियन माध्यमाचा आग्रह धरला, हंगेरीनें गहजब केला, २०२३ च्या डिसेंबरांत युरोपीय संघाच्या भाषांसाठीं त्यांत सवलती आल्या. मुलाला राज्याची भाषा आली नाहीं तर नोकरी नाहीं, आणि घरची सुटली तर आजीशीं बोलणें नाहीं. आईबापांची ही कुचंबणा कोणत्याहि कायद्यानें सहज सुटण्यासारखी नव्हे.

सीमेचा खेळ एका गांवापुरता पाहावयाचा तर सेल्मेन्त्सी पाहावें. सोव्हिएत सीमा आंखतांना हें हंगेरियन बोलणारें गांव मधोमध कापलें गेलें. भाऊ या अंगास, बहीण त्या अंगास. समोरच्या घरीं जावयाचें तर परवाने काढून दूरच्या नाक्यावरून वळसा. २३ डिसेंबर २००५ रोजीं, नाताळच्या तोंडावर, पायीं जाणारांसाठीं फाटक उघडलें. दोनच वर्षांनीं स्लोव्हाकिया शेंगेन क्षेत्रांत गेला व युक्रेनच्या अंगाकडील लोकांस व्हिसाचे कडक नियम लागूं झाले. २०१७ च्या जूनपासून अल्प मुदतीच्या भेटींस ती अट सुटली. २०२२ सालीं रशियाचें आक्रमण झाल्यावर १८ ते ६० वयाच्या पुरुषांस देश सोडण्याची मनाई झाली. त्यानंतर कित्येकांनीं रात्रीं तिसेंत उड्या टाकून रुमानियाचा किंवा हंगेरीचा कांठ गांठण्याचा प्रयत्न केला, आणि अनेकांचीं प्रेतें खालच्या अंगास सांपडलीं.