पाळण्यात न दिसणारे पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी म्हण आपण घरोघरी वापरतो. बाळाने पाय झाडले, की आत्या म्हणते, ‘धावपटू होणार बरं का!’ आणि त्याने मुठीत पेन्सिल धरली, की आजोबांना कलेक्टर दिसू लागतो. यात कोणाचे काही बिघडत नाही. पण ज्या धंद्यात पोट पायांवरच भरायचे असते, तिथे हीच म्हण निकालपत्र बनते आणि तिची किंमत एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराला मोजावी लागते. व्यावसायिक फुटबॉल हा असा धंदा आहे. नवव्या वर्षी निवड, सोळाव्या वर्षी चाळणी, अठराव्या वर्षी करार किंवा नारळ. करार मिळालाच, तर पुढे दर शनिवारी नवी परीक्षा.

शनिवारी रात्री आमच्या घरचा टीव्ही माझ्या पुतण्याच्या ताब्यात असतो. इंग्लंडमधले प्रीमियर लीगचे सामने तो देवपूजेच्या निष्ठेने पाहतो. संघात नव्याने आलेल्या एखाद्या विशीतल्या पोराने तिसऱ्या सामन्यात सोपी संधी दवडली, की हा जाहीर करतो, ‘काका, हा चालायचा नाही. विकून टाकायला हवा.’ जणू माळ्यावरची जुनी सायकल! पण त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. मैदानात बसलेले हजारो लोक तेच म्हणत असतात, दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे तेच लिहितात आणि ज्यांनी पैसे मोजलेले असतात ते क्लबचे मालकही मनात तेच म्हणत असतात. प्रश्न खराच आहे. ज्याची सुरुवात संथ झाली, तो खेळाडू पुढे घडेल की नाही, हे ओळखायचे कसे?

माझे म्हणणे थोडक्यात असे. ‘हा संथ आहे’ असे कोणी म्हटले, की आधी विचारावे, संथ काय आहे? शरीर, जागा, संधी की समज? पहिल्या तिन्हींवर काळ हे औषध आहे. चौथीवर ते क्वचितच लागू पडते.

गॅरेथ बेलची कथा या बाबतीत फार बोलकी आहे. २००७ साली साउदॅम्प्टन क्लबकडून टॉटनहॅमने त्याला घेतले, तेव्हा तो सतरा वर्षांचा, डाव्या बाजूचा बचावपटू होता. सुरुवातीला त्याने छान गोलही केले. मग डिसेंबरमध्ये घोट्याला मोठी दुखापत झाली आणि हंगाम बुडाला. परत आला, तर संघाचीच अवस्था बिकट होती. २००८च्या हंगामात पहिल्या आठ सामन्यांत टॉटनहॅमने अवघे दोन गुण मिळवले आणि प्रशिक्षकाला घरी जावे लागले. या सगळ्यात एक विचित्र आकडा तयार झाला. बेल लीगमध्ये खेळलेल्या पहिल्या २४ सामन्यांपैकी एकही सामना टॉटनहॅमला जिंकता आला नाही! आपल्याकडे अशा माणसाला पांढऱ्या पायाचा म्हणतात. तिकडेही शब्द वेगळे असले, तरी भावना तीच होती. शेवटी सप्टेंबर २००९मध्ये बर्नलीविरुद्ध सामना खिशात पडल्यासारखाच होता, तेव्हा प्रशिक्षक हॅरी रेडनॅप यांनी त्याला शेवटची काही मिनिटे मैदानात पाठवले आणि ती साडेसाती एकदाची संपली.

त्यानंतर वर्षभरातच, ऑक्टोबर २०१०मध्ये, मिलानच्या सान सिरो मैदानावर इंटर मिलानविरुद्ध टॉटनहॅम मध्यंतराला ०-४ असे मागे होते. उत्तरार्धात बेलने एकट्याने तीन गोल केले. सामना ३-४ असा गेला, पण जगाला एक खेळाडू मिळाला. २०११मध्ये इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले आणि २०१३मध्ये रेआल माद्रिदने त्याच्यासाठी तेव्हाची विक्रमी रक्कम मोजली.

आता गंमत पाहा. २४ हा आकडा खोटा नव्हता. फक्त तो बेलचे मोजमाप नव्हता. अकरा जणांचा हिशेब एका पोराच्या नावावर मांडला होता. त्यात दुखापत होती, विस्कटलेला संघ होता, आणि चुकीची जागाही होती. कारण बचावफळीतून पुढे सरकवल्यावरच त्याच्या वेगाला मोकळे रान मिळाले. आकडे खोटे बोलत नाहीत, असे म्हणतात. ते खरेच आहे. पण आकड्यांना विचारलेला प्रश्न चुकीचा असू शकतो.

शरीराचे गणित आणखी मजेशीर आहे. इंग्लंडमध्ये मुलांच्या फुटबॉलचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते आणि ३१ ऑगस्टला संपते. म्हणजे जुलैत जन्मलेला मुलगा आपल्यापेक्षा दहा-दहा महिन्यांनी मोठ्या असलेल्या मुलांबरोबर खेळतो. चाळिशीत दहा महिन्यांचे काही वाटत नाही. नवव्या वर्षी तो फरक वीतभर उंचीचा असू शकतो. निवड करणाऱ्याला थोराड मुलगा हुशार वाटतो. त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि मग दोन वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळू लागतो. म्हणजे गुण पाहून निवड नव्हे, तर निवडीतून गुण! देशोदेशींच्या अभ्यासांतून हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. बेलचा जन्म १६ जुलैचा. आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय संघासाठी सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम ज्याने २०२३मध्ये केला, त्या हॅरी केनचा २८ जुलैचा. आर्सेनल क्लबने केनला लहानपणीच, जेमतेम एका हंगामानंतर, घरी पाठवले होते.

क्रोएशियाच्या लुका मोद्रिचलाही हायदुक स्प्लिट या क्लबने लहानपणी नाकारले होते. पोर किरकोळ अंगाचे, हे कारण. २०१८मध्ये तो जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशी मुले वर्षानुवर्षे धिप्पाड सवंगड्यांत खेळतात. धक्का देऊन चेंडू मिळवता येत नाही, म्हणून ती आधी विचार करायला शिकतात. पुढे अंग भरले, की शक्ती आणि युक्ती दोन्ही हाताशी येतात. अट एकच, तोवर कोणी त्यांना हाकलून दिलेले नसावे. हे ओळखून बेल्जियमने उशिरा वाढणाऱ्या मुलांचे वेगळे राष्ट्रीय संघ चालवले. इंग्लंडमध्येही वयाऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून सामने खेळवण्याचे प्रयोग झाले.

आपल्याकडे तर या दुखण्याला आणखी एक फाटा आहे. वय चोरण्याचा. चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत दाढी करून आलेले खेळाडू पाहिलेले नाहीत, असा क्रीडाशिक्षक विरळाच! मनगटाच्या हाडांची तपासणी सुरू झाली ती यामुळेच. पण या लबाडीचा खरा बळी वेगळाच असतो. ज्याच्या आईबापांनी जन्मतारीख खरी लिहिली, तो मुलगा त्या गर्दीत आपोआप ‘संथ’ ठरतो.

आता जागेचा प्रश्न. थिएरी ऑन्री १९९९मध्ये इटलीतल्या युव्हेंटसमध्ये बाजूच्या फळीत अडकून पडला होता. आर्सेनलच्या आर्सेन वेंगर यांनी त्याला आणले आणि आघाडीच्या मध्यभागी उभे केले. पहिल्या सात-आठ सामन्यांत गोल नाही. वेंगर यांनी जागा बदलली नाही, माणूसही बदलला नाही. ऑन्रीने पुढे आर्सेनलसाठी २२८ गोल केले. तो त्या क्लबचा विक्रम आहे. केविन डी ब्रॉयना आणि मोहम्मद सलाह हे दोघे चेल्सीच्या बाकावरून उठून दुसरीकडे गेले. एक मँचेस्टर सिटीचा कणा झाला, दुसऱ्याने २०१७-१८मध्ये लिव्हरपूलकडून पहिल्याच हंगामात लीगचे ३२ गोल ठोकले. कुंडीत खुरटलेले रोप वाईट जातीचेच असते असे नाही.

आणि संधी. २०१३च्या मे महिन्यात लेस्टर सिटी हा दुसऱ्या श्रेणीतला क्लब बढतीसाठीचे सामने खेळत होता. त्याच्या राखीव बाकावर दोन आघाडीचे खेळाडू बसलेले होते. एक उसना आणलेला एकोणीस वर्षांचा हॅरी केन. दुसरा जेमी व्हार्डी, जो काही वर्षांपूर्वी कारखान्यात काम करून हौशी संघात खेळत होता. मुख्य संघात दोघांनाही जागा नव्हती. व्हार्डीच्या लेस्टरमधल्या पहिल्या चार हंगामांतले लीगचे गोल असे: ४, १६, ५, २४. चौथ्या हंगामात, २०१५-१६मध्ये, लेस्टरने प्रीमियर लीग जिंकली. पहिल्या आकड्यावर, किंवा तिसऱ्यावरही, ज्यांनी निकाल दिला असता त्यांचे काय झाले असते?

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे प्रत्येकाची वाटच पाहत बसायची? नाही. इथेच अशा लेखांत नेहमी होणारी फसगत टाळायला हवी. बेल, केन, मोद्रिच यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण ते पोहोचले. त्यांच्याबरोबर संथ सुरुवात करून संथच राहिलेल्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, आणि ते संख्येने कितीतरी अधिक आहेत. क्लबांच्या प्रबोधिनीत दाखल होणाऱ्या मुलांपैकी फार थोडी मुले व्यावसायिक फुटबॉलपर्यंत पोहोचतात. उलट झटपट सुरुवातही काही हमी देत नाही. अमेरिकेचा फ्रेडी अडू २००४मध्ये चौदाव्या वर्षी व्यावसायिक सामना खेळला. त्याची तुलना थेट पेलेशी झाली. मग पोर्तुगाल, ग्रीस, तुर्कस्तान, ब्राझील, फिनलंड असा त्याचा प्रवास झाला, पण तो पेले काही झाला नाही. पाळण्यात दिसलेले पाय पुढे तिथेच राहू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

म्हणून चौथा प्रश्न महत्त्वाचा, समजेचा. मी सामना पाहताना गोल मोजत नाही. चेंडू येण्याआधी तो पोरगा काय करतो ते पाहतो. नॉर्वेतले अभ्यासक गेर योर्डेट यांनी प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती तपासून दाखवले, की चेंडू येण्यापूर्वी जे मान वळवून जास्त वेळा आजूबाजूला पाहतात, त्यांचे पास जास्त अचूक जातात. हे टीव्हीवर सहज दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. मैदानावर गेलात तर दिसते. दुसरे, चेंडू गमावल्यानंतरची पाच सेकंदे. तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो, की मागे धावतो? तिसरे, गोल चुकला तर चुकू दे. पण पुन्हा त्याच धोक्याच्या जागी तो पोहोचतो का? जो योग्य जागी वारंवार पोहोचतो, त्याचा नेम पुढे सुधारू शकतो. जो तिथे पोहोचतच नाही, त्याला नेम शिकवून काय उपयोग? आणि चौथे, त्याची तुलना त्याच्याशीच करावी, गेल्या वर्षीच्या त्याच्याशी. डोंगराची उंची पाहू नये, चढ पाहावा.

हे सारे परदेशातले झाले म्हणावे, तर मुंबईतलेच उदाहरण आहे. मिझोरामचा लालियानझुआला छांगटे २०१५मध्ये अठराव्या वर्षी भारताकडून खेळला आणि गोलही केले. मग तो नॉर्थईस्ट, दिल्ली, चेन्नई असा फिरत राहिला. वेग अफाट, पण शेवटचा फटका भरकटायचा. नुसता पळतो, अशी टीका व्हायची. पण तो त्या धोक्याच्या जागी पोहोचत होता. २०२२च्या सुरुवातीला तो मुंबई सिटीकडे आला, आणि पुढच्याच हंगामात भरभरून गोल करून २०२२-२३चा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. वय पंचवीस. त्याला हंगामामागून हंगाम खेळायला मिळाले, हे विसरू नये. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपली मुले तिन्ही सामने हरली. नंतर महासंघाने त्यांतल्या बऱ्याच जणांना ‘इंडियन ॲरोज’ या संघातून थेट मोठ्यांच्या आय-लीगमध्ये उतरवले. तिथेही ती पुष्कळ हरली. पण त्याच तुकडीतून जीक्सन सिंग, सुरेश सिंग, अन्वर अली हे पुढे भारताच्या वरिष्ठ संघात आले. हरण्याचीही सोय लागते, आणि ती कोणीतरी करून द्यावी लागते. तो संघ २०२२मध्ये बंद झाला, हे मला चांगले लक्षण वाटत नाही.

धीर फुकट मिळत नाही, हे मान्य. प्रशिक्षकाची नोकरी पुढच्या तीन पराभवांवर टांगलेली असते; त्याने पोरासाठी दोन वर्षे थांबावे, हे बाहेरून सांगणे सोपे आहे. म्हणून हा खर्च प्रशिक्षकाच्या नव्हे, क्लबच्या वहीत लिहिला गेला पाहिजे. दुखापत, वाढीचे वय, बदललेल्या जागा, मिळालेली मिनिटे या सगळ्यांची नोंद असावी आणि निकाल देण्याआधी ती वही उघडावी. आणि सगळे तपासून, समजच वाढत नाही असे दिसले, तर ते त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना वेळेवर, नीट समोर बसवून सांगावे. चार वर्षे आशेवर टांगून ठेवून मग एका चिठ्ठीने मोकळे करणे याला धीर म्हणत नाहीत. दहावी-बारावीचे शिक्षण सुरू ठेवण्याचा आग्रह क्लबांनी धरावा तो यासाठीच, म्हणजे फुटबॉल सुटला तरी पायांखालची जमीन सुटत नाही.

पुतण्याला मी एवढेच सुचवले आहे, की पुढच्या सामन्यात एकाच पोरावर नजर ठेव. चेंडूवर नव्हे, त्याच्यावर. नव्वद मिनिटांत त्याने मान किती वेळा वळवली ते मोज आणि मगच सांग, विकायचा की ठेवायचा.