रूढी कोण सांगणार?

मागच्या महिन्यात कळंबला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यावर आमचे शिबिर होते. चहाच्या सुट्टीत कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. पारधी पेढीवर वाढलेली, घरातली पहिली शिकलेली. म्हणाली, “ताई, हिंदू विवाह कायद्याचं दुसरं कलम वर्गात पाच मिनिटांत संपलं. अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही, एवढंच. मग माझ्या आईचं लग्न कुठल्या कायद्यानं झालं? आणि तो कायदा कुठं शिकायचा?”

इतकी वर्षे बायकांची प्रकरणे घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढते आहे, पण मला चटकन उत्तर देता आले नाही.

तिचे म्हणणे खरे आहे. १९५५चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६चा वारसा कायदा केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. तिथे चालते ती जमातीची रूढी. लग्न, देज, काडीमोड, वारसा सगळे रूढीने. कोर्टही रूढी मानते. मात्र ती जुनी, अखंड चालत आलेली आणि निश्चित हवी, आणि ती साक्षीपुराव्याने सिद्ध करावी लागते. आता विचार करा. नवऱ्याने टाकलेली बाई कोर्टात आली, तर तिच्या जमातीची रूढी सांगायला साक्षीला येणार कोण? ज्यांनी तिला दंड ठोठावला, तेच पंच!

२०२१च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यातली चित्रफीत अनेकींनी पाहिली असेल. बायकोच्या चारित्र्याचा संशय घेऊन नवऱ्याने तिला उकळत्या तेलातले नाणे हाताने काढायला लावले. बातमी आली तशी गावोगाव चर्चा झाली, “ती जमातच तशी.” मला या वाक्याचाही तितकाच संताप येतो. दिव्य करायला लावणे ही काही पारध्यांची मक्तेदारी नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत दिव्याचे प्रकरण आहे. मराठेशाहीत वतनाचे तंटे तोडताना गोतसभा उकळत्या तेलातुपातून ‘रवा’ काढायला लावत. सीतेची अग्निपरीक्षा तर आपण भक्तिभावाने ऐकतो. इतरांच्या रीती इतिहासात जमा झाल्या आणि हिची मात्र आजही हात भाजते, याचे कारण रक्तात नाही, इतिहासात आहे.

१८७१च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. पारधी त्यातलेच. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलिसांच्या नजरेतला शिक्का पुसला नाही. गावात चोरी झाली की पहिली झडती पेढीवर. अशा बाईला आपण सांगतो, “पोलिसात जा, कोर्टात जा.” सरकारी कायदा तिने पाहिला तो बाप-भावाला उचलून नेणारा. पंचायत निदान तिच्या भाषेत बोलते, दारात बसते. पण तिथे तिला बोलता येत नाही. ही कोंडी समजून घेतल्याशिवाय आपले शिबिर म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा मंजूर केला, २०१७च्या जुलैपासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तो हवाच होता. पण पंचांना शिक्षा झाल्यावर त्या बाईचा तंटा सुटायचा कुठे, हे तो कायदा सांगत नाही.

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाने २०१८ साली एक चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी देशाचा कायदा आणि तिथल्या मूळनिवासी जमातींचे कायदे बरोबरीने शिकतात, जमातींमध्ये जाऊन राहतात, दोन पदव्या घेतात. हा अभ्यासक्रम उभा करणाऱ्यांत व्हॅल नेपोलियन ही क्री जमातीची बाई आहे. जमातीचा कायदा म्हणजे पवित्र वस्तू नव्हे. तोही तर्काने तपासायचा, त्यात बाईला जागा कुठे हे विचारायचे, असा तिथला आग्रह आहे.

आपल्या विद्यापीठात हे का नसावे? रूढीचे उदात्तीकरण करा असे मी म्हणत नाही. अभ्यास म्हणजे मान्यता नव्हे. उलट, ज्याचा अभ्यास होत नाही ते पंचांच्या मुठीत राहते. अभ्यास केला तर दुसरीही बाजू दिसेल. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला वरच्या जातींना १८५६चा कायदा लागला. अनेक भटक्या-विमुक्त जमातींत ती वाट, काडीमोडीची वाटसुद्धा, आधीपासून होती. ती बायकांच्या हाताशी असलेली रूढी आहे. ती कोण सांगणार?

आणि हे सांगण्याला मोल आहे. १९९६ साली मधु किश्वर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी बायकांच्या जमिनीच्या हक्काबाबत रूढी सरसकट मोडायला नकार दिला होता. पण १७ जुलै २०२५च्या निकालात, गोंड घराण्याच्या दाव्यात, त्याच न्यायालयाने म्हटले की बाईला वगळणारी रूढी सिद्ध झाली नाही, तर तिला समान वाटा मिळालाच पाहिजे. म्हणजे ‘आमच्यात बायकांना देत नाहीत’ हे आता नुसते म्हणून भागणार नाही.

तोवर कार्यकर्त्यांनी एक ध्यानात ठेवावे. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आणि पोटगीचा हक्क जमातीतल्या बाईलाही आहे. तिथे रूढीची आडकाठी सांगून कुणी परत पाठवू लागले, तर परत फिरू नका.

त्या मुलीला मी शेवटी एवढेच म्हणाले, “पुस्तकात नाही ना? मग आजीला विचारून तूच लिहायला लाग.” तिने वही काढली आहे. मैत्रिणींनो, तुम्हीही आपल्या तांड्यावरच्या, पालावरच्या, पेढीवरच्या म्हाताऱ्या बायकांकडे जा. लग्न कसे ठरते, मोडते कसे, मोडल्यावर पोरे कुणाची, भांडी कुणाची, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या आणि आम्हाला पाठवा. पंचांची साक्ष खूप झाली. आता बायकांची नोंदवू या.